मोतीबिंदूनंतर बसवलेली लेन्स बदलावी का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझे वय 61 असून मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावात घरीच शिवणकाम करते. आठ महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पुढे चष्मा लागणार नाही असे सांगितल्यामुळे मुलाने जास्तीचे पैसे भरून मल्टिफोकल लेन्स बसवून घेतली. लांबचे दिसते, पेपरही हातात धरून वाचता येतो. पण अगदी पहिल्या आठवड्यापासून रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडी दिसतात, मशीनवर बसले की सुईजवळचा भाग अंधुक वाटतो आणि काळ्या कापडावर काळा दोरा असला की शिवण दिसतच नाही. तपासणीत एक सिलिंडर नंबर निघाला आहे, पण तो चष्मा मी केलेला नाही. आता डॉक्टर म्हणतात, लेन्समागे जाळी धरू लागली आहे, लेसर करून घ्या. दुसऱ्या ठिकाणी दाखवले तेव्हा लेन्स बदलता येईल, पण जोखीम आहे, असे सांगितले. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. त्यातही तीच लेन्स बसवली की सवय होईल, असे सुचवले जात आहे. मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. शेजारच्या बाई म्हणतात, लेन्स तशीही दहा-पंधरा वर्षांनी बदलावीच लागते. मी काय करावे?

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. डोळ्यात बसवलेली लेन्स काढून तिच्या जागी दुसरी बसवता येते; आठ महिन्यांनंतर येते आणि गरज पडल्यास अनेक वर्षांनंतरही येते. परंतु तुमचे पत्र वाचताना मला लेन्स बदलण्यापेक्षा लेसरचा मुद्दा अधिक तातडीचा वाटला. तुमच्या तक्रारीचे नेमके कारण निश्चित होईपर्यंत आणि लेन्स बदलण्याचा विचार पूर्णपणे बाजूला पडेपर्यंत उजव्या डोळ्याला लेसर करून घेऊ नका. त्याचप्रमाणे डाव्या डोळ्यात तीच लेन्स बसवण्यास तूर्त होकार देऊ नका. या दोन्ही गोष्टी काही आठवडे थांबवल्याने तुमचे नुकसान होणार नाही. घाईने केल्या तर मात्र पुढचे मार्ग अरुंद होतील, आणि तसे होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

असे का म्हणतो, ते समजण्यासाठी डोळ्याच्या आतली रचना थोडी पाहावी लागेल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आपल्या नैसर्गिक भिंगाचा गढूळ झालेला गर काढून टाकतात, पण त्या भिंगाभोवतीचे पातळ पारदर्शक आवरण जागेवरच राखतात. या आवरणाला पुढच्या बाजूने गोल खिडकी केलेली असते आणि त्या खिडकीतून आतल्या पिशवीत कृत्रिम लेन्स सरकवली जाते. लेन्सचा मधला, दृष्टीच्या कामाचा भाग साधारण 6 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि तिला आधार देणारे दोन बाजूंचे हात धरून तिची लांबी 12 ते 13 मिलिमीटर भरते. पिशवीची मागची बाजू एका मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच जाड असते. तरीही तिच्या मागे असणारा विट्रियस, म्हणजे डोळ्याची पोकळी भरून टाकणारा पारदर्शक घट्टसर पदार्थ, पुढे येऊ न देण्याचे काम तीच करते. शस्त्रक्रियेनंतर या आवरणावर मागे राहिलेल्या काही पेशी हळूहळू वाढतात, आवरण धूसर होते आणि त्यालाच आपण जाळी आली असे म्हणतो.

जाळीवरचा उपाय म्हणजे याग लेसर. तो बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होतो, दुखत नाही, आणि जाळीमुळेच नजर कमी झालेली असेल तर त्याच्याइतका समाधान देणारा उपचार क्वचितच सापडेल. पण लेसर जाळी पुसत नाही, तर मागच्या आवरणाच्या मधोमध कायमचे भोक पाडतो. त्यानंतर लेन्स काढण्याची वेळ आली, तर त्या भोकातून विट्रियस पुढे येण्याची शक्यता बरीच वाढते, तो वेगळ्या यंत्राने कापून काढावा लागतो आणि नवी लेन्स त्याच पिशवीत सुरक्षित बसेल याची खात्री राहत नाही. त्यामुळे ज्या रुग्णाची लेन्स बदलण्याची थोडीशीही शक्यता आहे, त्याचा लेसर सर्वांत शेवटी ठेवावा, हा नेत्रशल्यचिकित्सेतला जुना आणि शहाणपणाचा नियम आहे. असमाधानी रुग्णाच्या डोळ्यात किंचितशी जाळी दिसली की तिच्यावरच सारा दोष ठेवून लेसर केला जातो आणि तक्रार तशीच राहून दुरुस्तीचा सोपा मार्ग तेवढा बंद होतो, असे घडताना दिसते, आणि म्हणूनच मी याविषयी इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

तुमच्या पत्रातच एक मोठा पुरावा आहे. तुम्ही लिहिता की त्रास पहिल्या आठवड्यापासून आहे. जाळीचा त्रास असा सुरू होत नाही. जाळी असलेला रुग्ण सांगतो, ‘शस्त्रक्रियेनंतर काही महिने लख्ख दिसत होते, मग हळूहळू धुके पडत गेले.’ जे पहिल्या दिवसापासून खटकते, त्याचे मूळ बहुधा लेन्सच्या रचनेत, तिच्या नंबरात, तिच्या बसण्याच्या जागेत किंवा डोळ्याच्या इतर एखाद्या दोषात असते. आता दिसणारी जाळी खरीही असेल आणि तिने त्रासात थोडी भर घातलीही असेल, पण पहिल्या आठवड्यातल्या कड्यांचे कारण ती असू शकत नाही. हे वाक्य तुमच्या डॉक्टरांपुढे जसेच्या तसे मांडा: ‘हा त्रास पहिल्या आठवड्यापासूनच आहे; आधी चांगले दिसून मग कमी झाले, असे नाही.’ ते त्यांनी केसपेपरवर नोंदवावे, अशी विनंती करा.

आणखी एक शक्यता येथेच सांगून ठेवतो, कारण तिची गल्लत जाळीशी होते. काही प्रकारच्या लेन्समध्ये, विशेषतः हायड्रोफिलिक ॲक्रिलिक या पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाच्या लेन्समध्ये, कालांतराने कॅल्शियमचे क्षार साठून लेन्सच पांढुरकी होते. अशा वेळी लेसरने काहीच साधत नाही. लेन्स बदलणे हाच उपाय असतो. तुमच्या बाबतीत त्रास सुरुवातीपासून असल्याने ही शक्यता कमी आहे, पण बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिले की धूसरपणा लेन्सच्या मागे आहे की लेन्सच्या आत, हे अनुभवी डॉक्टरांना कळते. ते पाहायला सांगावे.

आता मल्टिफोकल लेन्सकडे वळू, कारण माझ्या मते तुमच्या त्रासाचा मोठा भाग तिच्या मूळ स्वभावातच आहे. साधी मोनोफोकल लेन्स डोळ्यात येणारा जवळजवळ सारा प्रकाश एकाच अंतरासाठी एकत्र आणते. मल्टिफोकल लेन्सच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म वर्तुळाकार पायऱ्या कोरलेल्या असतात आणि त्या प्रकाशाची वाटणी करतात. दोन अंतरांसाठी समान वाटणी करणाऱ्या लेन्सचा हिशेब पाहा: सुमारे 41 टक्के प्रकाश लांबच्या दृष्टीला, 41 टक्के जवळच्या दृष्टीला आणि उरलेला सुमारे 18 टक्के कोणत्याच उपयोगी प्रतिमेत येत नाही. शिवाय लांबचा दिवा पाहताना जवळच्या अंतरासाठी वळवलेला प्रकाश त्याच दिव्याभोवती पसरट कड्यासारखा दिसतो. अर्थात कडी दिसणे हा लेन्स बिघडल्याचा पुरावा नाही. ती तशीच काम करते. अनेकांना ही कडी काही आठवड्यांत जाणवेनाशी होतात, कारण मेंदू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. या शिकण्यासाठी साधारण तीन ते सहा महिने द्यावेत असे मानले जाते. तुम्ही आठ महिने दिले आहेत. त्यामुळे ‘सवय होईल’ हा सल्ला आता तुमच्या बाबतीत पुरेसा राहिलेला नाही.

काळ्या कापडावरच्या काळ्या दोऱ्याचे कारणही याच वाटणीत आहे. तक्त्यावरची अक्षरे गडद काळी आणि पार्श्वभूमी पांढरीशुभ्र असते, म्हणून विभागलेल्या प्रकाशातही ती वाचता येतात आणि कागदावर तुमची नजर ‘चांगली’ नोंदवली जाते. दोन जवळच्या छटांमधला फरक ओळखण्याची क्षमता वेगळी असते आणि ती तक्त्यावर मोजली जात नाही. शिवणकाम, सोनारकाम, रात्रीचे वाहन चालवणे या कामांना नेमकी तीच क्षमता लागते. तुमची नजर तक्त्यावर चांगली भरते म्हणून तुमची तक्रार खोटी किंवा मनाची ठरत नाही; कोणी तसे म्हटले तर मनाला लावून घेऊ नका.

मशीनवर सुईजवळ अंधुक का दिसते, याचा उलगडा अंतरात आहे. दोन अंतरांच्या मल्टिफोकल लेन्समध्ये लांबचे आणि साधारण 33 ते 40 सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते, म्हणूनच तुम्हाला पेपर वाचता येतो. मधल्या, म्हणजे 60 ते 70 सेंटिमीटरच्या पट्ट्यात प्रतिमा उतरते. मशीनवर ताठ बसून काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यापासून सुई साधारण याच पट्ट्यात किंवा त्याच्या अलीकडच्या काठावर येते. तीन अंतरांची, म्हणजे ट्रायफोकल लेन्स ही मधली उणीव बरीच भरून काढते, पण प्रकाशाची वाटणी आणि कडी तिच्यातही राहतात. तुमच्या डोळ्यातली लेन्स कोणती आहे, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही आणि बहुधा तुम्हालाही सांगितलेले नसावे. मला येथे खेद वाटतो तो असा, की शस्त्रक्रियेपूर्वी ‘तुम्ही दिवसभर काय काम करता?’ हा एक प्रश्न विचारला गेला असता आणि त्याचे उत्तर विचारात घेतले गेले असते, तर कदाचित या लेन्सची शिफारस झालीच नसती. मल्टिफोकल लेन्स वाईट नाही. चष्म्याचा कंटाळा असलेल्या आणि कमी प्रकाशातले बारीक काम नसलेल्या अनेकांना ती आनंद देते. पण चष्मा लागणार नाही हे आश्वासन प्रत्येकाला सारख्याच ठामपणे देण्यासारखे नाही, आणि किंमत जास्त म्हणजे नजर जास्त, असा सरळ हिशेबही लेन्सच्या बाबतीत लागत नाही.

असे असले तरी लगेच लेन्स काढायला निघू नये. तिच्याखेरीज तीन गोष्टी तपासून दुरुस्त करायच्या राहिल्या आहेत आणि त्यातली एकही अवघड नाही. पहिली म्हणजे तुमचा सिलिंडर नंबर. मल्टिफोकल लेन्स असलेल्या डोळ्याला पाऊण ते एक सिलिंडरही खुपतो, जो साध्या लेन्सच्या रुग्णाला जाणवलाही नसता. म्हणून नंबर पुन्हा काळजीपूर्वक काढून तो चष्मा करून घ्या आणि दोन-तीन आठवडे, विशेषतः रात्री, नियमाने वापरा. चष्म्याने कडी बरीच कमी झाली तर दोष लेन्सच्या प्रकारापेक्षा उरलेल्या नंबरात आहे, असे समजते. मग तोच चष्मा ठेवायचा की कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर, वेगळ्या प्रकारचा लेसर करून नंबर काढायचा, हे ठरवता येते, आणि दोन्ही पर्याय लेन्स बदलण्यापेक्षा सौम्य आहेत. चष्म्याने काहीच फरक पडला नाही, तर तेही मोलाचे उत्तर आहे. त्याच वेळी दुकानात ट्रायल फ्रेममध्ये सिलिंडरसोबत अधिक 1.5 चा नंबर घालून मशीनइतक्या अंतरावर सुई-दोरा धरून पाहा. या नंबराने लांबची दृष्टी सुमारे 66 सेंटिमीटरवर येते. मशीनसाठी एक वेगळा चष्मा एवढ्यावर तुमचे काम भागणार असेल, तर शस्त्रक्रिया टाळण्याइतका तो पर्याय चांगला आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांच्या कोरडेपणाची. बारीक कामात आपण पापण्या कमी मिटतो, वयानुसार अश्रू कमी होतात, मधुमेहात कॉर्नियाची संवेदना मंदावते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने कोरडेपणा वाढलेला असतो. डोळ्यावरचा अश्रूंचा थर खराब असेल, तर कोणत्याही लेन्समधून धूसरच दिसणार. अश्रूंची तपासणी, पापण्यांच्या कडांची स्वच्छता, कोमट शेक आणि संरक्षक रसायन नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब असा उपचार सहा आठवडे मनापासून करून पाहावा. कोरडेपणा असताना घेतलेली मापेही चुकतात, म्हणून पुढे नवी लेन्स बसवायची झाली तरी हा उपचार आधीच व्हायला हवा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: डोळ्यामागच्या पडद्याची ओसीटी तपासणी, म्हणजे प्रकाशाच्या साह्याने घेतलेले पडद्याच्या थरांचे चित्र. दहा वर्षांच्या मधुमेहात पडद्याच्या मध्यभागी सूज असू शकते, आणि ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वाढूही शकते. पडद्यावर दोष असेल, तर मल्टिफोकल लेन्स नजरेचा दर्जा आणखी खाली आणते. मुख्य म्हणजे सूज तशीच ठेवून डोळ्यात दुसरी शस्त्रक्रिया केली, तर फायद्याऐवजी तोटा होईल. ओसीटीला सुई नाही, वेदना नाही, पाच-दहा मिनिटे पुरतात. ती झाली नसेल, तर लेन्स बदलण्याविषयी कोणाशीही बोलण्यापूर्वी ती करा आणि गेल्या तीन महिन्यांचा साखरेचा अंदाज देणारी एचबीए1सी तपासणीही सोबत न्या.

हे सर्व करून कारण लेन्सच आहे असे ठरले, तर ती काढणे योग्य ठरेल. ही शस्त्रक्रिया नवलाची नाही. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी जगातली पहिली कृत्रिम लेन्स बसवली, तेव्हा त्या पहिल्या रुग्णाच्या डोळ्याला मोठा मायनस नंबर आला होता, आणि त्या काळात बसवलेल्या काही लेन्स पुढे काढाव्याही लागल्या. लेन्सचा इतिहास सुरू झाला तेव्हापासून ती दुरुस्त करण्याचा इतिहासही सोबत आहे. आज लेन्स बदलण्याची कारणे मुख्यतः चार: लेन्स जागेवरून सरकणे, नंबर चुकणे, लेन्स पांढुरकी होणे, आणि तुमच्यासारखे मल्टिफोकल न मानवणे. त्यातले नंबर चुकण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण डाव्या डोळ्याच्या वेळी त्याचा उपयोग होईल. डोळ्याची लांबी साधारण 23 ते 24 मिलिमीटर असते आणि ती मोजण्यात 1 मिलिमीटरची चूक झाली, तर शेवटच्या नंबरात अडीच ते तीन इतका फरक पडतो. ज्यांनी तरुणपणी चष्मा घालवण्यासाठी लेसिक केले आहे, त्यांच्या कॉर्नियाची नेहमीची मापे फसवी येतात, म्हणून त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत पूर्वीच्याच ठिकाणी किंवा शेजारी छोटा छेद घेऊन पिशवी आणि लेन्स यांच्यामध्ये एक चिकट पारदर्शक द्राव सोडतात, त्याने लेन्स आवरणापासून सुटी केली जाते, मग डोळ्याच्या आतच बारीक कात्रीने तिचे दोन तुकडे करून ते छेदातून बाहेर काढतात आणि नवी लेन्स आत सरकवतात. वाचताना सोपे वाटणारे हे काम अवघड होते ते आवरण लेन्सच्या हातांभोवती चिकटून बसल्यामुळे. तुमच्या हातचे उदाहरण द्यायचे तर, कालची शिवण आज उसवली तर कापडाला कळतही नाही, पण जुनी, अनेकदा धुतलेली शिवण उसवताना दोऱ्याबरोबर विरलेले कापडही ओढले जाते. पहिल्या काही आठवड्यांत लेन्स सहज सुटते. आठ महिन्यांत ती बरीच चिकटलेली असते, पण मागचे आवरण अखंड असेल तर निष्णात हातांना ती सोडवता येते. यामुळेच आणखी दोन-तीन महिने तपासण्यांत गेले तर फारसा फरक पडणार नाही, पण एका लेसरने खूप फरक पडेल, असे मी सुरुवातीला म्हटले.

जोखीम आहे, हे तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले ते बरोबर आहे आणि त्यांनी ते सांगितले याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. मागचे आवरण फाटणे, विट्रियस पुढे येणे, पडद्याला सूज येणे, पडदा सुटणे, कॉर्नियाच्या आतल्या पेशी कमी होणे आणि क्वचित जंतुसंसर्ग, असे धोके पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा या शस्त्रक्रियेत अधिक असतात. कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशी तो पारदर्शक ठेवतात आणि एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. निरोगी प्रौढ डोळ्यात त्या दर चौरस मिलिमीटरला 2000 ते 2500 च्या आसपास असतात आणि 500 च्या खाली गेल्या तर कॉर्निया सुजून पांढरट होण्याची भीती असते. म्हणून स्पेक्युलर मायक्रोस्कोपी ही पेशी मोजण्याची तपासणी झाल्याशिवाय लेन्स बदलण्याची तारीख घेऊ नका. दुसरी एखादी लेन्स आहे त्या लेन्सच्या पुढे बसवण्याचा पर्यायही कोणी सुचवील. नंबर चुकलेला असतो तेव्हा तो उत्तम आहे, पण मल्टिफोकलची कडी त्याने जात नाहीत.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न निःसंकोच विचारा: ‘पिशवी टिकली नाही, तर माझी नवी लेन्स कुठे आणि कशी बसवणार?’ अनुभवी डॉक्टरांकडे याचे उत्तर तयार असते. आवरणाचा पुढचा भाग शाबूत असेल, तर तीन भागांची विशिष्ट लेन्स पिशवीच्या पुढे, बुबुळाच्या मागे ठेवता येते. तेथे नेहमीची एकसंध ॲक्रिलिक लेन्स ठेवू नये, कारण ती बुबुळाला घासत राहते. आवरणाचा आधारच उरला नाही, तर बुबुळाला चिमटीने धरणारी लेन्स किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत हात अडकवून बसवलेली लेन्स हे पर्याय आहेत, चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी 2007 मध्ये अशीच लेन्स जैविक चिकट द्रव्याच्या साह्याने बसवण्याची पद्धत पुढे आणली आणि ती आज जगभर माहीत आहे. या साऱ्याची तयारी आणि गरज पडल्यास पडद्याचे शल्यचिकित्सक एकाच ठिकाणी उपलब्ध आहेत, असेच केंद्र निवडा. दुसऱ्या मतासाठी कोल्हापूर आणि मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेत्रविभागांत दाखवता येईल, आणि लेन्स बदलायचीच ठरली तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या केंद्राचा विचार करण्यास हरकत नाही. नव्या लेन्सचा नंबर ठरवताना एक फायदाही असतो: आधीच्या लेन्सचा नंबर आणि तिच्यामुळे प्रत्यक्ष आलेला चष्म्याचा नंबर हे दोन्ही माहीत असल्यामुळे हिशेब पहिल्या वेळेपेक्षा अचूक बसण्याची शक्यता वाढते.

यासाठी जुने कागद हवेत. शस्त्रक्रियेच्या वेळी लेन्सच्या खोक्यावरचे स्टिकर रुग्णाच्या कार्डावर चिकटवतात. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर आणि अनुक्रमांक असतो. ते कार्ड, डोळ्याच्या मापांचा छापील कागद आणि शस्त्रक्रियेची टिपणे पहिल्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून मागा. रुग्णाने मागितल्यास नोंदी 72 तासांत द्याव्यात, असे वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या 2002 च्या नियमावलीत म्हटले आहे. अर्ज भांडणाच्या सुरात लिहिण्याचे कारण नाही. ‘दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यायचे आहे’ एवढे पुरते. विमा असेल, तर लेन्स बदलण्याचा खर्च मिळेल का, हे शस्त्रक्रियेपूर्वी लेखी विचारून ठेवा.

आता डावा डोळा. दोन्ही डोळ्यांत सारखी मल्टिफोकल लेन्स असली की मेंदूला जुळवून घेणे सोपे जाते, हा युक्तिवाद निराधार नाही. उजव्या डोळ्याबद्दल थोडीशीच कुरकुर असलेल्या रुग्णाला मीही तो सांगेन. पण तुमची मुख्य तक्रार छटा न ओळखता येण्याची आहे आणि तुमचे पोट त्या नजरेवर आहे. ज्या लेन्सने एका डोळ्यात हा त्रास दिला, तीच दुसऱ्या डोळ्यात बसवणे मला पटत नाही. माझे मत असे, की उजव्या डोळ्याची ओसीटी चांगली असेल, साखर आटोक्यात असेल आणि डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काम अडवण्याइतका झाला असेल, तर आधी डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया साध्या मोनोफोकल लेन्सने करून घ्यावी. ती लेन्स लांबसाठी नेमायची की मशीनच्या अंतरासाठी, हे शस्त्रक्रियेपूर्वी ठरवता येते. मशीनवर नेहमीच्या पद्धतीने बसा, डोळ्यापासून सुईपर्यंतचे अंतर घरातल्या कोणाकडून टेपने मोजून घ्या आणि तो आकडा डॉक्टरांना लिहून द्या. ते अंतर 65 सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर डाव्या डोळ्यात मुद्दाम उणे दीडचा नंबर ठेवून चष्म्याविना मशीन दिसेल, लांबसाठी उजवा डोळा आहेच. मात्र दोन डोळ्यांतला हा फरक मानवतो का, ते आधी चष्म्याच्या काचांनी किंवा कॉन्टॅक्ट लेन्सने पाहून घेतलेले बरे. स्वच्छ छटा दाखवणारा एक डोळा मिळाल्यावर दुसऱ्यातली कडी सोसवतात, असे काही रुग्णांत होते. तसे झाले, तर उजव्या डोळ्याला हातही लावावा लागणार नाही, आणि मग जाळी वाढल्यास लेसरही निर्धास्तपणे करता येईल. डाव्या डोळ्यानंतर दोन महिन्यांनीही रात्री बाहेर पडण्याची भीती वाटत असेल आणि काम होत नसेल, तर उजवी लेन्स बदलण्याचा निर्णय घ्यावा. खर्चाची काळजी असेल, तर साध्या लेन्स आता आवाक्यात आहेत; मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारातील ऑरोलॅब 1992 पासून त्या देशातच बनवत आहे आणि शासकीय रुग्णालयांतही त्या बसवल्या जातात.

शेजारच्या बाईंचे म्हणणे मात्र बरोबर नाही. लेन्सला मुदत नसते. चांगली बसलेली लेन्स आयुष्यभर टिकते, तिची साफसफाई किंवा ठरावीक वर्षांनी बदल करावा लागत नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वी बसवलेल्या लेन्स घेऊन आजही उत्तम पाहणारी माणसे आहेत. दहा-पंधरा वर्षांनी नजर कमी झाली, तर कारण बहुधा जाळी, काचबिंदू किंवा मधुमेहाने पडद्यावर केलेला परिणाम असतो. तुम्ही तर लेन्स असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घेतलीच पाहिजे.

पुढे कोणतीही शस्त्रक्रिया झाली, डाव्या डोळ्याची किंवा उजव्या डोळ्याची, तर पहिल्या काही दिवसांत डोळा वाढता दुखणे, लाल होणे आणि नजर कमी होणे ही संसर्गाची लक्षणे समजून त्याच दिवशी, रविवार असला तरी, रुग्णालय गाठा. त्यानंतरच्या महिन्यांत डोळ्यासमोर विजेसारखे चमकणे, अचानक खूप काळे ठिपके तरंगताना दिसणे किंवा एका बाजूने काळी सावली सरकत येणे, यांपैकी काहीही झाले तर पडदा सुटत असण्याची शंका घ्यावी लागते आणि तेथे एका दिवसाचाही उशीर परवडत नाही. तुम्ही गावात राहता, म्हणून अशा वेळी कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि रात्री कोण गाडी काढील, हे शस्त्रक्रियेच्या आधीच मुलाशी बोलून ठरवून ठेवा.